दानाचा उत्तरार्ध



मी कॉलेजांत शिकत होतों तेव्हांची गोष्ट आहे. आमच्या गांवीं गरीब विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह चालत असे, आणि त्याचें पावतीपुस्तक घेऊन सुटीच्या दिवसांत दारोदार फिरण्याचें काम आम्हां तिघांचौघांकडे होतें. आमच्या आळींत एक काकू राहत. यजमान लवकर गेलेले. शिवणकामावर त्यांचें पोट चाले. त्या वर्षीं त्यांनीं माझ्या हातावर एकशें एक रुपये ठेवले आणि "मुलांच्या जेवणांत घाला" एवढेंच त्या म्हणाल्या. मीं पावती फाडली, नमस्कार केला आणि पुढच्या घराची कडी वाजविली. दुसऱ्या वर्षीं मी पुन्हां गेलों तेव्हां त्यांनीं विचारलें, "अरे, त्या पैशांत किती मुलें जेवलीं?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी चिटणीसांकडे गेलों. गृहस्थ सज्जन होते, संस्थेसाठीं झिजणारे होते. परंतु माझा प्रश्न ऐकतांच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाहीं वाटतें?" असें ते म्हणाले. त्या एका वाक्यानें माझें तोंड बंद झालें. वडील माणसाला हिशेब विचारणें म्हणजे त्याला चोर म्हणणें, अशी माझी समजूत झाली आणि मी खालीं मान घालून परत आलों. पुढें काय झालें तें शेवटीं सांगतों. परंतु तेव्हांपासून काकूंचा तो प्रश्न माझी पाठ सोडीत नाहीं. धर्मादाय पैशाचा हिशेब मागावा कीं न मागावा, मागावयाचा तर कोणीं आणि कोणत्या अधिकारानें, ह्याचा आपल्याकडील इतिहास मीं त्याच प्रश्नाच्या शोधांत वाचला, आणि तोच आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवणार आहें.

आपल्या समाजांत दानाची महती फार. पण ती गुप्तदानाची. ह्या हाताचें त्या हाताला कळूं नये असें आपण म्हणतों. 'धर्माची गाय आणि दांत कां गे नाहीं' अशी एक म्हणहि आपल्याकडे आहे. फुकट मिळालेल्या गाईचे दांत घेणारानें मोजूं नयेत, हा तिचा सरळ अर्थ. गंमत अशी कीं, घेणाराला केलेला हा उपदेश आपण देणारालाहि लागूं करून बसलों आहोंत. गाय देणारानें ती ज्याच्या घरीं दिली त्याच्या गोठ्यांत पोंचली कीं वाटेंतच कोणाच्या दावणीला गेली, हें पाहूं नये, असें ह्या म्हणींत कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

आमच्या पूर्वजांना ही काळजी नव्हती असें मात्र समजूं नये. कोंकणांत आणि देशावर, देवळाच्या आवारांत किंवा शेताच्या बांधावर, कांहीं जुन्या शिळा उभ्या दिसतात. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, मध्यें कधीं लेख, आणि खालीं घरंदाज मंडळींत वर्णन करूं नये असें एक अभद्र चित्र. ह्यांना गधेगाळ म्हणतात. शिलाहार आणि यादव राजांच्या काळांतील अशा कितीतरी शिळा आढळल्या आहेत. सूर्य-चंद्र असेतोंपर्यंत हें दान चालावें, आणि जो तें मोडील किंवा बळकावील त्याच्या कुळाला खालच्या चित्रांतील शिवी लागावी, असा त्यांचा भाव. दात्याच्या पश्चात् दानाची राखण करण्याचा हा फार जुना उपाय होय. शापाला कचेरी लागत नाहीं आणि पगारहि लागत नाहीं. परंतु ज्याला शापाची भीति नाहीं त्याच्यापुढें ती शिळा मुकी होते.

शापावर न विसंबतां व्यवस्था लावून देणारे दातेहि त्याच काळीं होते. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीं, त्या मठाला उत्पन्न बांधून दिलें. त्या लेखाचा मराठी भाग वाचण्यासारखा आहे. बाजारांत येणाऱ्या मालावर काय द्यावें, सुपाऱ्या किती, तेलाच्या घाण्यामागें पळीभर तेल कसें, हें सारें त्यांत नोंदलेलें आहे. एवढेंच नव्हे, मोजणी मठाच्याच मापानें व्हावी असेंहि त्यांत आहे. विद्येसाठीं दिलेल्या ह्या देणगींत उद्देश ठरलेला आहे, उत्पन्नाच्या बाबी ठरलेल्या आहेत, मापसुद्धां ठरलेलें आहे. आणि हें सर्व भर बाजारांत उभें राहणाऱ्या तेल्यावाण्याला समजावें अशा त्याच्या भाषेंत दगडावर कोरलेलें आहे. संस्थेची घटना आणि तिचें अंदाजपत्रक सर्वांदेखत मांडणें, ह्याहून निराळें तें काय असतें?

पेशवाईंत दानाचा ओघ मोठा झाला. सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांनीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची प्रथा तळेगांवीं सुरू केली. ती पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं पर्वतीवर देवदेवेश्वराचें मंदिर उभारलें आणि त्याच्या पूजाअर्चेची, अन्नदानाची तजवीज केली. फडावर कारकून होते, रोजकीर्द लिहिली जात होती, आणि त्या काळचे रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरांत आजहि पाहावयास मिळतात. तेव्हां हिशेब होता. परंतु तो धन्याचा हिशेब होता. देणारा तोच, तपासणाराहि तोच. धनी जागरूक असेल तोंवर ह्या पद्धतींत उणें नव्हतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. दाता गेला, दान राहिलें. आपल्या विषयांतील खरी अडचण येथें सुरू होते. एल्फिन्स्टन साहेबांनीं दक्षिणा एकदम बंद न करितां ती सालीना पन्नास हजार रुपयांवर आणिली, आणि त्याच निधीच्या आधारें १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें १८४९ सालीं पुण्यांतील सुधारक तरुणांनीं अर्ज केला कीं, दक्षिणेचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा. शहरांत मोठी खळबळ उडाली. एका पक्षाचें म्हणणें, दात्याचा हेतु मोडतां. दुसऱ्याचें म्हणणें, दात्याचा हेतु विद्यावृद्धि होता, तो आम्ही पुरा करतों. दोन वर्षांनीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. ह्या तंट्यांत पैसा कोणी खाल्ला असा आरोप नव्हता. जमाखर्च पैन् पै जुळला तरी दान योग्य कारणीं लागलें कीं नाहीं हा प्रश्न शिल्लक राहतो, हें त्या वादानें आपल्याकडे प्रथमच उघडपणें दाखवून दिलें.

देवस्थानांची गोष्ट याहून अवघड होती. कंपनी सरकारनें १८१० सालीं बंगालमध्यें, १८१७ सालीं मद्रासेंत आणि १८२७ सालीं मुंबई इलाख्यांत रेग्युलेशनें करून धर्मादाय उत्पन्नांवर देखरेखीचा हक्क आपल्याकडे घेतला होता. परंतु ख्रिस्ती सरकारनें हिंदूंच्या देवळांचा कारभार पाहावा हें विलायतेंतील मिशनऱ्यांना खपेना. तेव्हां सरकार हळूहळू मागें सरलें, आणि १८६३ सालीं बंगाल व मद्रास इलाख्यांसाठीं कायदा करून त्यानें देवस्थानें स्थानिक कमिट्यांच्या व विश्वस्तांच्या हवालीं केलीं. पहिला धनी गेलेला, दुसऱ्यानें हात झटकलेले; मध्यें उरले पंच. हे पंच कोणास जबाबदार?

पुण्यांत हा प्रश्न पर्वतीच्या निमित्तानें निघाला. पर्वती संस्थानचा कारभार पंचांकडे होता आणि त्यांच्या व्यवस्थेविषयीं शहरांत असंतोष माजला होता. पण अशा वेळीं तक्रार करणारापुढें पहिली धोंड हीच असते कीं, 'विचारणारे तुम्ही कोण?' पेशव्यांचे वारस आपण नव्हे, सरकार आपण नव्हे. मग पर्वतीचा जमाखर्च पाहण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्याला जें उत्तर शोधलें तें विलक्षण होतें. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्याची सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद व्हावयाचें तर नुसती वर्गणी भरून भागत नसे. निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. आरंभींच्या पंचाण्णव सभासदांनीं मिळून सुमारें सहा हजार लोकांचे मुखत्यारनामे आणिले. 'तुम्ही कोण?' ह्या प्रश्नाला 'ह्या सहा हजारांचे मुखत्यार' असें सरळ उत्तर तयार झालें.

हीच सभा पुढें दुष्काळाची पाहाणी करूं लागली, शेतसाऱ्याविषयीं अर्ज करूं लागली, त्रैमासिक काढूं लागली. जोशी हे 'सार्वजनिक काका' ह्या नांवानें घरोघर माहीत झाले. राष्ट्रीय सभा जन्मास येण्यापूर्वीं पंधरा वर्षें महाराष्ट्रांत जें सार्वजनिक जीवन सुरू झालें, त्याच्या मुळाशीं एका देवस्थानच्या कारभाराविषयींची तक्रार होती, हें आपण बहुधा विसरतों. ज्यांनीं देवाच्या पैशाचा हिशेब मागण्याची हिंमत केली तेच पुढें सरकारला हिशेब विचारूं लागले. पहिला धीट प्रश्न दूरच्या राजाला विचारला गेला नाहीं. तो आपल्याच गांवांतील, आपल्याच ओळखीच्या पंचांना विचारला गेला. माझ्या मतें तोच अधिक कठीण असतो, कारण तेथें भीड आडवी येते.

पर्वतीच्या प्रश्नांतून सभा निघाली, तर डाकोरच्या प्रश्नांतून कायद्याचें एक तत्त्व निघालें. डाकोर हें गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांतलें क्षेत्र. परंतु तेथील रणछोडरायाचें मंदिर १७७२ सालीं बांधलें तें पेशव्यांचे सावकार गोपाळ जगन्नाथ तांबेकर ह्यांनीं. शंभर वर्षांवर काळ लोटला. यात्रेकरूंनीं देवापुढें ठेवलेलें द्रव्य, दागिने, वस्त्रें मंदिराचे सेवक घेत आणि हें सर्व आमच्या मालकीचें आहे असें सांगत. त्यांच्यावर जो दावा झाला त्यांतील वादीचें नांव मनोहर गणेश तांबेकर. मंदिर बांधणाराचें आडनांव तेंच, हिशेब मागणाराचें आडनांव तेंच.

सेवकांचा युक्तिवाद मोठा चतुर होता. भक्त देवाला देतो. देव मागावयास येत नाहीं. आम्ही देवाची सेवा करतों. तस्मात् देवाचें तें आमचें. मुंबई हायकोर्टानें १८८७ सालीं हा युक्तिवाद फेटाळला. न्यायमूर्ति वेस्ट ह्यांचा तो निकाल आजहि वकीलमंडळी आधारास घेतात. त्याचें सार असें कीं, मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति आहे. तिच्या नांवानें आलेलें द्रव्य ज्याच्या हातीं पडतें तो मालक नसून विश्वस्त आहे. सेवकांना वहिवाटीप्रमाणें आपला मोबदला मिळेल, परंतु ज्या हेतूनें संस्था निघाली त्या हेतूसाठीं उरलेल्या द्रव्याचा जाब त्यांना द्यावा लागेल. मंदिराच्या व्यवस्थेची योजना ठरविण्याचा वाद पुढें प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तेथें १८९९ सालीं निर्णय झाला. देणारानें हात सोडला म्हणजे घेणारा मालक झाला असें नव्हे, हें ह्या देशांत कोर्टाच्या तोंडून स्पष्ट झालें तें येथें. आज रुग्णालय असो, ग्रंथालय असो, अनाथाश्रम असो, त्याच्या चालकाला आपण विश्वस्त म्हणतों. त्या शब्दांतील जबाबदारी समजण्यास डाकोरसारखा दुसरा धडा नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, हीं सारीं स्वार्थी माणसांचीं उदाहरणें झालीं. जेथें चालकच त्यागी आहेत तेथें हिशेबाची कटकट कशाला? ह्याला उत्तर पुण्याच्याच इतिहासांत आहे. १८८४ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांहून अधिक त्यागी माणसें त्या काळीं शोधूनहि सांपडलीं नसतीं. तरी सहाच वर्षांत त्यांच्यांत कडाक्याचें भांडण झालें. आजीव सभासदानें संस्थेबाहेर काम करावें काय, आणि बाहेर मिळविलेला पैसा कोणाचा, हा मुद्दा होता. टिळकांचें म्हणणें, ज्यानें संस्थेला आयुष्य वाहिलें त्याचा वेळ आणि कमाई संस्थेची. इतरांना तें बंधन जाचक वाटलें. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पतकरलें तेव्हां ठिणगी पडली, आणि १८९० सालीं टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. कोण बरोबर ह्याचा निवाडा आज मी करीत नाहीं. परंतु एवढें खरें कीं, दोन्ही पक्षांचीं माणसें निःस्पृह असूनहि प्रश्न उभा राहिला. त्याग कितीहि मोठा असला तरी त्याग म्हणजे नियम नव्हे. नियम आधीं लिहून ठेवलेला बरा. म्हणजे पुढें माणसांना एकमेकांच्या हेतूंविषयीं शंका घ्यावी लागत नाहीं.

ह्याच सुमारास समुद्रापलीकडे एका तरुण बॅरिस्टरानें आणखी एक धडा घालून दिला. दक्षिण आफ्रिकेंत १८९४ सालीं नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हां गांधींनीं लहानसहान वर्गणीचीहि पावती देण्याचा आणि जमाखर्च चोख ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या आत्मकथेंत त्यांनीं एक मत मांडलें आहे, तें पुष्कळांना विचित्र वाटतें. सार्वजनिक संस्थेनें मोठा कायम निधि सांठवूं नये, असें ते म्हणतात. दरवर्षीं लोकांपुढें हात पसरावा लागला म्हणजे संस्था लोकांच्या मनांतून उतरली आहे कीं काय हें तिला कळतें. व्याजावर जगणाऱ्या संस्थेला लोकमताची पर्वा राहत नाहीं. रुग्णालयासारख्या संस्थेला गंगाजळी लागतेच, म्हणून मी हें मत जसेंच्या तसें मानीत नाहीं. परंतु त्यांतील मर्म खरें आहे. ज्या संस्थेला आपली गरज उरली नाहीं ती आपणांस उत्तर देण्याचें हळूहळू विसरते.

कायद्याची वाटचाल ह्याच सुमारास संथपणें चालू होती. १८७७ च्या दिवाणी कायद्यांत सार्वजनिक धर्मादायासंबंधीं दावा लावण्याची सोय झाली. १९०८ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमांत ती कायम राहिली. त्याप्रमाणें हितसंबंध असलेल्या दोन माणसांना ॲडव्होकेट जनरलची संमति घेऊन कोर्टांत जातां येई. पण शिवणकाम करणारी बाई ॲडव्होकेट जनरलकडे कशी जाणार? १९२० च्या कायद्यानें थोडा मार्ग सोपा केला: हितसंबंधी मनुष्यानें जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करावा आणि मागील तीन वर्षांपर्यंतचे हिशेब तपासून घ्यावे. १९३५ सालीं मुंबई इलाख्यांत विश्वस्तनिधींच्या नोंदणीचा कायदा झाला. अखेर १९४८ सालीं न्यायमूर्ति तेंडोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा आला. धर्मादाय आयुक्ताची कचेरी त्यानेंच निर्माण केली. महाराष्ट्रांत तो कायदा आजहि, महाराष्ट्राचें नांव घेऊन, चालू आहे.

ह्या कायद्यानें संस्थेची नोंदणी, दरवर्षींचा जमाखर्च व त्याची तपासणी सक्तीची केली. स्थावर मिळकत विकण्यापूर्वीं परवानगी घेण्याचें बंधन घातलें. १९५१ च्या नियमांत हिशेबतपासनिसानें कोणत्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं ह्याची यादी आहे, आणि ती कोणत्याहि गृहिणीला समजण्यासारखी आहे. हातांतील रोकड वहीशीं जुळते काय? एक वर्षावर थकलेलें येणें किती? पांच हजारांवरच्या दुरुस्तीस किंवा बांधकामास निविदा मागविल्या होत्या काय? संस्थेचा पैसा गुंतविण्यांत एखाद्या विश्वस्ताचा खाजगी स्वार्थ आहे काय? घरांत वाण्याचें खातें तपासतांना आपण ह्याहून निराळें काय विचारतों?

सरकारी सत्तेलाहि ह्या बाबतींत मर्यादा पडली. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या कायद्याचा बहुतेक भाग मान्य केला. परंतु धार्मिक संस्थेवर आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसविण्याची तरतूद त्यानें रद्द ठरविली. हिशेब तपासावा, गादीवर बसूं नये, असा त्याचा मथितार्थ.

येथवर इतिहास झाला. शाप झाला, राजा झाला, पंच झाले, कोर्ट झालें, आयुक्त झाला. प्रत्येक पायरीवर राखणदार बदलला, आणि प्रत्येक राखणदाराला कोणी तरी हलवून जागें करावें लागलें. पर्वतीविषयीं पुणेकर बोलले नसते तर सभा निघाली नसती. तांबेकर कोर्टांत गेले नसते तर डाकोरचा निकाल लागला नसता. मला भीति वाटते ती ही कीं, कचेरी स्थापन झाली म्हणून आपण दात्यांनीं विचारणेंच सोडून दिलें आहे. 'नोंदणी क्रमांक आहे ना, मग झालें,' असें म्हणून आपण पैसे देतों. नोंदणी म्हणजे संस्थेचा जन्मदाखला. तो प्रकृतीचा दाखला नव्हे.

मग देणारानें पाहावें काय? इतिहासांतूनच चार प्रश्न निघतात. पहिला पर्वतीचा: कारभारी कोण आणि ते कोणास जबाबदार? विश्वस्त एकाच घरांतले आहेत काय, त्यांच्या सभा होतात काय, त्यांना बदलण्याची कांहीं रीत आहे काय? दुसरा डाकोरचा: आलेल्या पैशाचा तपासलेला ताळेबंद मागितल्यावर मिळतो काय, आणि संस्थेची मिळकत संस्थेच्याच नांवावर आहे काय? तिसरा डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा: चालकाचा स्वतःचा स्वार्थ आणि संस्थेचें काम ह्यांची गांठ पडते तेथें लिहून ठेवलेला नियम आहे काय? आणि चौथा दक्षिणेच्या तंट्याचा: पैसा ज्या कामासाठीं दिला त्याच कामीं लागला काय? हा चौथा प्रश्न नेहमीं रुपयांतच मोजतां येतो असें नाहीं. धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा दहा खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य व शेंकडा दहा दुर्बळ घटकांसाठीं सवलतीनें ठेवाव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ सालीं लागूं झाली. तेथें ताळेबंदाइतकीच खाटेवर कोण निजला आहे ह्याची चौकशी महत्त्वाची.

एका गोष्टीविषयीं मात्र सावध राहावें. पुष्कळ दाते पहिलाच प्रश्न करतात, 'कारभारखर्च किती?' आणि आंकडा जितका लहान तितकी संस्था थोर असें मानतात. हें मोजमाप फसवें आहे. चांगला हिशेबनीस ठेवावयाचा तर त्याला पगार द्यावा लागतो. काम कसें चाललें आहे तें पाहण्यास कोणाला तरी गांवोगांव पाठवावें लागतें. जी संस्था 'आम्ही कारभारावर एक पैहि खर्च करीत नाहीं' असें अभिमानानें सांगते तिच्या वह्या बहुधा कोणीच लिहीत नसतो. पाटणच्या लेखांत मोजणी करणारालाहि त्याचा वांटा ठेवला आहे. आठशें वर्षांपूर्वींच्या माणसांना जें कळलें तें आपण विसरूं नये.

आतां काकूंचें सांगून संपवितों. मी गप्प बसलों खरा, पण तें मनास लागलें. दोन वर्षांनीं त्या वसतिगृहाच्या वार्षिक सभेंत मी धीर करून उठलों आणि जेवणखात्याचा हिशेब वाचून दाखवावा अशी विनंति केली. सभेंत कुजबुज झाली, चिटणीस रागावले, पण वह्या आल्या. पैसा कोणीहि खाल्ला नव्हता. इमारतीचें काम अडलें म्हणून जेवणासाठीं आलेली सारी रक्कम भिंतींत गेली होती, आणि त्या दोन वर्षांत मुलें एक वेळ माधुकरी मागून जेवत होतीं. चिटणीसांना त्यांत कांहीं गैर वाटलेंच नव्हतें. इमारतहि मुलांचीच ना, असें ते म्हणाले. त्या सभेंत एक ठराव झाला: ज्या कामासाठीं पैसा येईल त्याचें खातें निराळें ठेवावें, आणि दरवर्षीं तें छापून प्रत्येक देणगीदाराच्या घरीं पोंचवावें.

मी काकूंकडे जाऊन सारें सांगितलें. त्यांनीं हातांतलें शिवण खालीं ठेवलें आणि कांहीं वेळ त्या बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "खरें सांगितलेंस, बरें केलेंस." त्यानंतर त्यांनीं त्या वसतिगृहास पुन्हां कांहीं दिलें नाहीं. तो त्यांचा अधिकार होता. परंतु ठरावाप्रमाणें छापलेला पहिला हिशेब मीं स्वतः त्यांच्या घरीं नेऊन दिला, आणि तो त्यांनीं चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

दान देतांना आपण हात मोकळा करतों, तो दानाचा पूर्वार्ध. त्याचें पुढें काय झालें हें विचारणें हा उत्तरार्ध. चिटणीसांनीं मला विचारलें होतें, विश्वास नाहीं काय? त्या वेळीं सुचलें नाहीं तें उत्तर आज देतां येतें: विश्वास आहे म्हणून तर विचारतों, ज्याच्यावर विश्वास नाहीं त्याच्या दारीं हिशेब मागावयास कोण जाईल?